मागणीचा पाव

तात गास्पार सालोह कुणालाही नाही म्हणत नसत. निकोलासा चुमिल पहिल्यांदा त्यांच्या ओसरीवर गेली तेव्हा त्यांनी तिला बसायला बुटकं स्टूल दिलं, बायकोला गरम आतोल, म्हणजे मक्याची पेज, आणायला सांगितलं, मुलीच्या शाळेबद्दलचं तिचं सगळं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरोबर आहे सेन्यो तुमचं. अगदी बरोबर. बघू या आपण." निकोलासा इतकी खूश झाली की डोंगर उतरताना दोनदा घसरली.

दुसऱ्या खेपेलाही तेच स्टूल, तेच आतोल आणि तेच "बघू या". या वेळी ती घसरली नाही. पात्सुनून गावात समोरच्याला तोंडावर नाही म्हणणं म्हणजे त्याच्या अंगावर कुत्रं सोडण्यासारखं आहे. सभ्य माणूस बघू या म्हणतो आणि बघत नाही.

निकोलासा गावातल्या मुलींना दर शनिवारी प्रार्थनाघरामागच्या खोलीत शिकवायची. राजधानीतल्या एका संस्थेने तिला त्यासाठी नेमलं होतं. गावसभेत उभं राहून कसं बोलायचं, नगरपालिकेचं अंदाजपत्रक कसं वाचायचं, दवाखान्यातल्या नर्सने उडवून लावलं तर दुसऱ्यांदा कसं विचारायचं, असे विषय असत. उद्या या मुलींनी पाणी समितीवर, आरोग्य समितीवर बसावं अशी संस्थेची इच्छा होती. सध्या तिथे पुरुष बसत आणि जांभया देत. निकोलासा स्वतः गावातल्या लोकांसारखीच कक्चिकेल होती, पण डोंगरापलीकडची, तळ्याकाठची. त्यामुळे पात्सुनूनच्या लोकांना तिचं बोलणं कळायचं आणि तिच्या अंगातला विणलेला विपील विचित्र दिसायचा. तिथे वडीलधाऱ्या पुरुषाला तात म्हणतात, बाईला नान, आणि मास्तरणीला किंवा मास्तरणीसारख्या दिसणाऱ्या कुणालाही सेन्यो, म्हणून ती सेन्यो. मुली मात्र ताई म्हणत.

या मुलींत तात गास्पारची थोरली सेबेरा सगळ्यांच्या पुढे होती. वय सोळा, नववी पास. एकदा शनिवारी खोटी गावसभा भरवली, तर बाकीच्या मुली अध्यक्ष झाल्यावर भिंतीकडे बघून पुटपुटल्या. सेबेरा अध्यक्ष झाली तेव्हा तिने प्रत्येकीला बोलायला लावलं आणि जी मुलगी थांबतच नव्हती तिला अत्यंत आदराने कॉफी वाटायला पाठवलं. निकोलासाने त्या दिवशी मनाशी पक्कं केलं की ही मुलगी पुढची तीन वर्षं खालच्या शहरात शाळेत गेली पाहिजे.

तात गास्पारनी वेगळंच पक्कं केलं होतं. त्यांची बहीण राजधानीत एका घरी स्वयंपाकाला होती. तिने शेजारच्या बंगल्यात सेबेरासाठी धुण्याभांड्यांचं काम बघून ठेवलं होतं. नाताळला ती गावी आली होती आणि जानेवारीतला तीन राजांचा सण झाला की येत्या रविवारी सेबेराला घेऊन परत जाणार होती. शाळा त्याच्या पुढच्या आठवड्यात उघडत होती. म्हणजे शाळा उघडेल तेव्हा सेबेरा कुणाच्या तरी पायऱ्या पुसत असणार.

संस्थेच्या डायरेक्टरबाई नव्या होत्या. त्या संस्थेत डायरेक्टरबाई दरवर्षी नव्याच असत. यंदाच्या रेबेकाबाईंनी निकोलासाचे अहवाल वाचून कळवलं की पालकांकडे रिकाम्या हाताने जाणं बरं नाही, स्थानिक भावनांना धरून काहीतरी घेऊन जावं. काय न्यावं हे बाईंनी कळवलं नव्हतं, कारण स्थानिक भावना राजधानीत ठाऊक नव्हत्या.

शनिवारचा वर्ग सुटल्यावर निकोलासाने सेबेरालाच विचारलं. सेबेराने जरा विचार केला. मग म्हणाली की पाव न्या, गोड, पाटीभर. आईला आवडतो. आणि तात उजाडता उजाडता ब्रोकोलीला पाणी द्यायला जातात, तेव्हा त्याच्या आत या. आणि हो, उद्याच या.

रविवारी पिकअपने निकोलासाला फाट्यावर सोडलं तेव्हा आकाशात चांदण्या होत्या आणि रस्त्याकडेच्या गवतावर दंव गोठलं होतं. पाटी जड होती. तिने चुंबळ केली, पाटी डोक्यावर घेतली आणि धूळ नको म्हणून वर आपल्या आईने विणलेलं तांबड्या पट्ट्यांचं फडकं टाकलं. चढावर मक्याच्या बादल्या घेऊन गिरणीकडे निघालेल्या बायका भेटल्या. एरवी त्या तिला नुसतं हसून पुढे जात. आज त्या वाटेच्या कडेला उभ्या राहिल्या आणि ती दिसेनाशी होईपर्यंत उभ्याच होत्या. निकोलासाला वाटलं, हळूहळू विश्वास बसतोय लोकांचा.

तात गास्पार नेमके लवकर निघून गेले होते. दारात नान पाउला होत्या, सेबेराची आई. त्यांनी पाटीकडे पाहिलं, फडक्याकडे पाहिलं, निकोलासाकडे गरजेपेक्षा जरा जास्त वेळ पाहिलं. मग स्वतःच्या हातांनी तिच्या डोक्यावरची पाटी उतरवली, जमिनीला न टेकवता सरळ आत नेली आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "आलात, बरं झालं." एवढंच. निकोलासा कॉफी प्यायली आणि खाली उतरली. संस्थेला तिने फोनवरून कळवलं की स्वागत अत्यंत उबदार झालं.

दुपारी बाजारातून परतताना पिकअपवाल्या चेपेने तिला पुढे आपल्या शेजारी बसवलं. पुढची जागा पाद्रीबाबा आणि दिवस भरलेल्या बायका यांच्यासाठी असायची. निकोलासा दोन्हींत बसत नव्हती.

"मग सेन्यो," गिअर टाकत चेपे म्हणाला, "मुलगा कुठला?"

"कुठला मुलगा?"

"आता आमच्यापासून काय लपवायचं? सालोहांच्या सोळा घरांत पाव खाऊन झाला. माझ्या सासूनेसुद्धा खाल्ला, आणि तिला तर दात नाहीत."

तळ्याकाठी मागणी चॉकलेट घेऊन घालतात आणि पाव हा नुसता पाव असतो. पात्सुनूनला तसं नाही. तिथे परगावची बाई उजाडायच्या आत, डोक्यावर, तांबड्या पट्ट्यांच्या फडक्याखाली पाव घेऊन आली की ती मुलगी मागायला आली. पहिल्या फेरीला मुलीचे आईबाप पाटी परत पाठवतात. दुसऱ्या फेरीलाही पाठवतात, पण कमी जोराने. तिसऱ्या फेरीला ठेवून घेतली तर पाव सगळ्या भावकीत वाटला जातो, आणि ज्याने पाव खाल्ला त्याने शब्द दिला. मुलगी दिली. नान पाउलांनी पहिल्याच फेरीत पाटी ठेवून घेतली आणि नवरा मळ्यातून यायच्या आत पाव घरोघर पोचवला. असं गावात कुणी केलेलं कुणाला आठवत नव्हतं, म्हणून गावाने ताडलं की स्थळ तसंच जबरदस्त असणार. चेपेच्या माहितीप्रमाणे मुलगा सेन्योचा धाकटा भाऊ होता आणि त्याच्या मालकीच्या दोन बस होत्या.

निकोलासाला भाऊ नव्हता.

ती घरी न जाता तशीच परत डोंगर चढली. सेबेरा गिरणीपाशी भेटली, दळलेल्या पिठाची बादली घेऊन. निकोलासाने तिला कुंपणाकडे नेलं.

"पाव आणायला तू सांगितलंस."

"हो ताई."

"त्याचा अर्थ काय होतो ते ठाऊक होतं तुला?"

"गावात कुणाला ठाऊक नाही?"

"मला."

"तुम्ही तळ्याकडच्या," सेबेरा समजुतीच्या सुरात म्हणाली. मग बादली खाली ठेवली. "चौथ्या शनिवारी तुम्हीच म्हणालात ना, की जो ठरवतो तो आपलं ऐकत नसेल तर तो कशाचं ऐकतो ते शोधा. तात माझं ऐकत नाहीत, तुमचं ऐकत नाहीत. रिवाजाचं ऐकतात."

हे खरं होतं. तात गास्पार पाणी समितीचे अध्यक्ष होते आणि पाळी सोडून नळ उघडला म्हणून त्यांनी सख्ख्या मेहुण्याला दंड केला होता, शिवाय आपल्याच घरी जेवायला बोलावून त्याच्याकडून वसूल केला होता.

सेबेराने पुढचं सांगितलं ते असं. जिचा पाव खाल्ला गेला त्या मुलीला, बोलणी पुरी होईपर्यंत, गावाबाहेर ठेवता येत नाही. त्यामुळे आत्या दुपारच्या गाडीने एकटीच गेली होती, आणि जाताना नान पाउलांशी बोलली नव्हती.

"आणि मी खरं सांगून माफी मागितली तर?"

"तर पाटी परत गेली. मी परत आलेली मुलगी." सेबेराने बादलीवरचं फडकं सारखं केलं. "मग तात मला आत्याकडे पाठवतील ते कायमचंच. इथे कुणाच्या नजरेला पडायला नको म्हणून."

"आईला सांगितलं होतंस?"

"आईला कुणी काही सांगत नाही ताई. तिला लागत नाही."

निकोलासाने डायरेक्टरबाईंना फोन केला. रेबेकाबाईंच्या कचेरीत शिरल्या शिरल्या भिंतीवर मोठं चित्र होतं, मुलींची लग्नं अठराच्या आत करू नका असं सांगणारं. संस्थेचं वर्षाचं मुख्य कामच ते होतं. बाईंनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं की याचा अर्थ आपल्या संस्थेने एका सोळा वर्षांच्या मुलीला मागणी घातली आहे का. निकोलासा म्हणाली की पुरती नाही, पहिली फेरी झाली आहे. पलीकडे बाईंनी उठून कचेरीचं दार लावल्याचा आवाज आला. मग बाई म्हणाल्या की त्या स्वतः गुरुवारी येतात, माफी मागतात आणि पाटी परत घेतात. पाटी परत घेतली तर काय होईल हे निकोलासाने सांगितलं. मग बाई म्हणाल्या, तरी येते.

गुरुवारच्या आत काहीतरी करायला हवं होतं. निकोलासा तात बोनिफासियोकडे गेली.

तात बोनिफासियो हे गावाचे मागणीवाले. मुलाकडच्यांच्या वतीने बोलायला त्यांनाच नेत. गावातल्या निम्म्या बायका त्यांनी मागून आणल्या होत्या आणि बाकीच्या निम्म्या त्यांच्या वडिलांनी. निकोलासाला वाटलं होतं की रिवाजाची थट्टा केली म्हणून ते रागावतील. ते रागावले, पण आपल्याला वगळून गेली म्हणून. तेवढं झाल्यावर त्यांनी धंद्याचा प्रश्न विचारला: पहिल्या फेरीत बोललात काय?

"काहीच नाही तात. कॉफी प्यायले आणि निघाले."

"उत्तम झाली म्हणायची."

मग त्यांनी सांगितलं की पहिल्या फेरीत कशासाठी आलो हे बोलायचंच नसतं. पावसाबद्दल बोलावं, मक्याबद्दल बोलावं, मेलेल्यांची चौकशी करावी. मागणी कशाची, ते दुसऱ्या फेरीत सांगायचं असतं. म्हणजे सेन्योने अजून खोटं काही सांगितलेलं नाही आणि खरंही नाही. वाव भरपूर आहे. त्यांनी आजवर विधुरासाठी मुलगी मागितली होती, तुरुंगातल्या माणसासाठी मागितली होती, एकदा तर दारापर्यंत पोचेस्तोवर नवरामुलगाच वारला होता, तरी त्यांनी त्याच्या भावासाठी मागून वेळ साजरी केली होती. शाळेसाठी कधी मागितली नव्हती. पण मागणी ती मागणी. फक्त मागणाऱ्या घरात एक तरी वडीलधारं माणूस लागतं.

"आमच्या डायरेक्टरबाई येतायत."

"वय?"

"चाळीस असेल."

"शाल पांघरायला सांगा," तात बोनिफासियो म्हणाले.

गुरुवारी उजाडायच्या आत सालोहांची ओसरी भरली होती. ज्यांनी पाव खाल्ला ते सगळे आले होते, कारण खाल्लेल्याला यावं लागतं. पुरुष बाकांवर, बायका चटईवर. रेबेकाबाईंना मान म्हणून ते बुटकं स्टूल मिळालं आणि त्यांचे गुडघे हनुवटीशी आले. त्यांनी शाल पांघरली होती. वाटेत निकोलासाने त्यांना दोनच गोष्टी सांगितल्या होत्या: आमच्या तळ्याकडच्या रिवाजाचं चॉकलेट मी देईन, आणि तात बोनिफासियो थांबेपर्यंत बोलू नका. दुसरी गोष्ट किती कठीण आहे हे सांगायचं राहिलं होतं.

तात बोनिफासियोंनी उभं राहून टोपी काढली. त्यांनी आधी दिवसाची परवानगी मागितली, मग डोंगराची, मग सालोहांच्या मेलेल्या आज्यांची, एकेकीचं नाव घेऊन. मग आपण किती लहान, आपली जीभ किती जड, आपण या घराच्या दारात उभे राहायला किती नालायक हे त्यांनी पुष्कळ विस्ताराने आणि अजिबात न अडखळता सांगितलं. ऊन अंगणात उतरलं, तिथे बांधलेल्या डुकरापर्यंत पोचलं. रेबेकाबाईंचा एक पाय झोपला. तेव्हा कुठे तात बोनिफासियो म्हणाले की या घरात एक फूल आहे, आणि ते मागायला आम्ही आलो आहोत. नवऱ्यासाठी नाही. शाळेसाठी. तीन वर्षांसाठी.

तात गास्पारचे थोरले भाऊ तात सिक्स्तो यांनी घशात कॉफी अडकल्यासारखा आवाज केला.

"म्हणजे नवरामुलगा नाही?"

"नाही."

"आणि त्या दोन बस?"

"बसही नाहीत," तात बोनिफासियो खेदाने म्हणाले.

चटईवर कुजबूज झाली. बसची वार्ता ज्यांनी आणली होती त्यांच्याकडे बायकांनी पाहिलं. तात गास्पार मात्र हलले नव्हते. त्यांनी निकोलासाकडे मान वळवली.

"सेन्यो, एक विचारतो. पाटी घेऊन आलात तेव्हा काय घेऊन येताय ते तुम्हाला ठाऊक होतं?"

तात बोनिफासियोंनी खालून तिच्या पायावर पाय दिला. हो म्हणणं सोपं होतं. मागणी पक्की झाली असती, मुलगी शाळेत गेली असती. पण चटईच्या कडेला शनिवारच्या वर्गातल्या तीन मुली बसल्या होत्या आणि लोकांसमोर उभं राहिल्यावर खोटं बोलू नये हे निकोलासाने त्यांना तिसऱ्याच शनिवारी शिकवलं होतं. तो धडा आणखी महिनाभर पुढे ढकलला असता तर बरं झालं असतं, असं तिला त्या क्षणी वाटलं.

"नाही तात," ती म्हणाली. "मला वाटलं, नुसता पाव आहे."

तात बोनिफासियोंनी पाय काढून घेतला आणि छताकडे पाहिलं.

"मग ही मागणी नव्हे," तात गास्पार म्हणाले. आवाजात राग नव्हता. पाणी समितीत निर्णय देताना ते असेच बोलत. "मागणाऱ्यालाच ठाऊक नाही तर मागणी कुठली? पाटी परत न्या."

"पाटी नेतील रे," तात सिक्स्तो म्हणाले, "पण पाव?"

"सेन्योची मागणी नाहीच."

हे दारातून आलं. सेबेरा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होती, हाताला मक्याचं ओलं पीठ. बोलणी चालू असताना मुलगी आत बसते, शेवटी तिला बोलावतात, विचारतात आणि ती खाली बघते. खाली बघितलं की हो. रडली तरी हो. या मुलीला अजून कुणी बोलावलं नव्हतं.

"पाव आणायला मी सांगितलं त्यांना. कधी यायचं, काय आणायचं, सगळं मी सांगितलं. त्यांना ठाऊक नव्हतं, मला होतं. मागणी माझी आहे, तात. मीच मला मागितलं."

आता बापाने हात उगारला असता तरी रिवाज त्याच्या बाजूने होता. तात गास्पारनी हात उगारला नाही. ते तात बोनिफासियोंकडे वळले आणि विचारलं की असं चालतं का.

तात बोनिफासियोंनी डोळे मिटले. आयुष्यभराच्या मागण्या आठवून पाहत असावेत. "चालत नाही असं कुणी म्हणून ठेवलेलं नाही," ते अखेर म्हणाले. "आजवर कुणी केलं नाही, एवढंच."

"बापाला फसवून?"

"फसवून काय," आतून नान पाउला म्हणाल्या. त्या तव्यापासून उठल्या नव्हत्या, आवाज तेवढा आला. "पाटी मी उतरवली. माझी बहीण तळ्याकडे दिलीय, तिकडे चॉकलेटने मागतात हे मला ठाऊक नाही होय? बाई दारात उभी राहिली तेव्हाच कळलं मला, हिला काही पत्ता नाही. तरी उतरवली. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही बघू या म्हणाला असतात."

ओसरीवर कुणीतरी हसलं आणि लगेच खोकलं.

तात गास्पारनी हातातली टोपी एकदा काठाने फिरवली. मग बोलले ते लेकीशी नाही, रेबेकाबाईंशी. ते म्हणाले की मला शाळेचा राग नाही. मुलगी सासरी देतो तेव्हा आम्ही त्या घरातली म्हातारी माणसं बघतो. मुलगी आजारी पडली तर कोण येऊन सांगणार, चुकली तर कोण कान धरून आणणार, तिला कुणी त्रास दिला तर कोण जाऊन उभं राहणार, हे बघून देतो. आत्याच्या घरी आत्या आहे. खालच्या शहरात कोण आहे? तुमच्या कचेरीत गेल्या वर्षी दुसऱ्या बाई होत्या. त्याही फार चांगल्या होत्या. पुढच्या वर्षी आणखी चांगल्या येतील. मी कुणाच्या दारात जाऊ?

रेबेकाबाईंकडे पुष्कळ उत्तरं होती. त्यांनी एकही दिलं नाही. निकोलासाच्या मनात बाईंविषयी त्या दिवसापासून आदर आहे.

"मी सांगू?" सेबेराने विचारलं, आणि परवानगीची वाट पाहिली. शनिवारी ती अशीच थांबायची, आणि खोलीतला गलका आपोआप बसायचा. तात सिक्स्तोंनी मान डोलावली.

"ज्याने पाव खाल्ला त्याने शब्द दिला. सगळ्यांनी खाल्ला ना?" ती बाकांवरून नजर फिरवत गेली आणि माणसं एकेक करून आपल्या चपलांकडे बघू लागली. "सिक्स्तोकाका, तुम्ही खाल्लात. मग पहाटे मला फाट्यापर्यंत पोचवायचं तुम्ही, अंधार असतो. मामी, तुमची मावसबहीण शहरात बाजारात बसते. मला बरं नसलं तर मी तिच्याकडे थांबेन, ती निरोप देईल. चेपेदादाची सासू इथे आहे. तिने खाल्ला म्हणजे चेपेदादाने खाल्ला. मी चढल्याशिवाय पिकअप सोडायची नाही. धाकटीला पाणी भरायला शिकवलंय मी, शनिवार-रविवार मळ्यात मी येईन. आणि तात, मी चुकले तर तुम्ही जायचं सेन्योकडे. मागायला त्या आल्या होत्या. तीन वर्षं त्या सासूच्या जागी."

सगळ्यांनी निकोलासाकडे पाहिलं. रेबेकाबाई शाल सावरत पुढे वाकल्या. त्यांनी हळूच सांगितलं की सेन्योची नेमणूक वर्षावर्षाची असते, पुढचं सगळं मिळणाऱ्या निधीवर अवलंबून असतं.

"सासू वर्षाच्या बोलीवर नसते बाई," तात बोनिफासियो म्हणाले.

निकोलासा एकोणतीस वर्षांची होती. लग्न झालं नव्हतं, आणि आता नवऱ्याच्या आधीच सून आली होती. संस्थेने उद्या तिला काढलं तर ती कुठे राहील आणि काय खाईल हे तिला सांगता आलं नसतं. पण समोरच्या माणसाने नेमका हाच प्रश्न विचारला होता आणि तो प्रश्न वाजवी होता.

"संस्था असो नसो," ती म्हणाली, "तीन वर्षं मी आहे, तात. माझ्या दारात या."

तात गास्पार बरं म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत आणि बघू याही म्हणाले नाहीत. त्यांनी टोपी डोक्यावर घातली आणि तात बोनिफासियोंना विचारलं की तिसरी फेरी कधी धरता. बाकांवरची माणसं एकदम सैल झाली, चटईवर बोलणं सुरू झालं. आत नान पाउला निकोलासाने दिलेलं चॉकलेट घुसळायला लागल्याचा आवाज आला. सेबेरा उंबऱ्यातून वळून आत गेली, कारण तवा रिकामा होता. रेबेकाबाईंनी निकोलासाला कानात विचारलं की झालं काय. निकोलासा म्हणाली की झालं. मग तिने बाईंना स्टुलावरून उठायला हात दिला.

शाळा उघडली त्या सोमवारी तात सिक्स्तो अंधारात घोंगडी पांघरून भावाच्या दारात आले. थंडी भयंकर होती. सेबेराने पाठीवर दप्तर बांधलं होतं, नवी शाल घेतली होती. चढउताराच्या वाटेवर ते सारखे कुरकुरत होते. त्यांचं म्हणणं असं की सोळा घरांत वाटलेल्या पावाचे तुकडे सारखे नव्हते, त्यांच्या वाट्याला मुळात लहान आला, आणि त्यातलाही अर्धा नातवाने ओढून घेतला.

"मी तर अर्धाच पाव खाल्ला होता," ते म्हणाले.

"मग अर्ध्या वाटेपर्यंत या, काका."

तात सिक्स्तोंनी जरा हिशेब करून पाहिला. अर्धी वाट ओढ्याच्या उतारावर संपत होती, तिथे कुत्री फार. ते फाट्यापर्यंत आले, आणि पिकअपचा दिवा वळणावर दिसेपर्यंत कुरकुरत तिच्याजवळ उभे राहिले.